वारसा वाटण्याआधी कर्ज : डेल अर्नहार्ट ज्युनिअरची निवृत्ती

२५ एप्रिल २०१७ रोजी डेल अर्नहार्ट ज्युनिअर या अमेरिकी शर्यतपटूने निवृत्तीची घोषणा केली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला फ्लोरिडातल्या होमस्टेड इथे त्याचा शेवटचा पूर्ण हंगाम संपला. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र ते घराघरांत आहे. तो जाणार म्हटल्यावर तिकडे एक वाद सुरू झाला : हा खरंच मोठा चालक होता, की मोठ्या बापाचा फक्त लाडका मुलगा?

आधी या खेळाविषयी. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममध्ये मिळते तशी साधी मोटार. दारूबंदीच्या काळात दक्षिणेतल्या डोंगराळ भागात चोरटी दारू वाहणाऱ्या तरुणांनी पोलिसांना चुकवण्यासाठी अशा गाड्यांची इंजिनं ताकदवान करून घेतली. पुढे त्यातलेच काही जण मातीच्या ट्रॅकवर एकमेकांशी शर्यती लावू लागले. डिसेंबर १९४७मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात बिल फ्रान्स यांनी या मंडळींची बैठक बोलावली आणि फेब्रुवारी १९४८मध्ये ‘नॅसकार’ ही संस्था उभी राहिली. गरीब, गोऱ्या, कष्टकरी दक्षिणेचा हा खेळ. तिथल्या माणसाचा अभिमान त्यात आहे आणि तिथला वंशभेदही.

ज्युनिअरचे वडील डेल अर्नहार्ट हे या खेळाचे अनभिषिक्त राजे. ७६ विजय आणि सात विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. १८ फेब्रुवारी २००१ रोजी ‘डेटोना ५००’ शर्यतीच्या अखेरच्या फेरीत त्यांची गाडी भिंतीवर आदळली आणि ते गेले. त्याच शर्यतीत मुलगा दुसरा आला होता. पाच महिन्यांत, जुलैमध्ये, तो त्याच डेटोनाला परतला आणि जिंकला. त्या रात्रीपासून लोकांनी बापावरचं प्रेम मुलाच्या पदरात टाकलं.

टीकाकारांचा मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो पोकळ नाही. ज्युनिअरने सर्वोच्च मालिकेत २६ शर्यती जिंकल्या. ‘डेटोना ५००’ दोनदा जिंकली, २००४ आणि २०१४मध्ये. पण विजेतेपद एकदाही नाही. २००८मध्ये वडिलांची कंपनी सोडून तो हेंड्रिक यांच्या संघात गेला. त्याच संघात जिमी जॉन्सन होता, ज्याने सात विजेतेपदं मिळवली. संघ एक, कारखाना एक, मग निकालात एवढी तफावत का? जून २००८ ते जून २०१२ या काळात ज्युनिअर सलग १४३ शर्यती विजयाविना राहिला. तरीही त्या प्रत्येक वर्षी चाहत्यांनी त्यालाच सर्वांत लोकप्रिय चालक निवडलं. २००३ ते २०१७, सलग १५ वर्षं!

लोकप्रियतेच्या या मतदानाला किती महत्त्व द्यायचं, यासाठी एक भारतीय उदाहरण पुरेसं आहे. आपला नरेन कार्तिकेयन २०१०मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. मोजक्याच शर्यती तो धावला, एकही जिंकला नाही. पण त्या वर्षी त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक तोच ठरला. मतं कौशल्याला पडतात तशी नावाला, गावाला आणि आपलेपणालाही पडतात.

तेव्हा आकड्यांपुरता वाद लवकर मिटतो. ज्युनिअर चांगला चालक होता, महान नव्हता. पण मग वारशाचं काय?

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्या मालमत्तेची वाटणी लगेच होत नाही. शरियतचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग मय्यतवरचं कर्ज, मग वसीयत आणि सर्वांत शेवटी वारसांचे हिस्से. हा नियम जमीनजुमल्याचा आहे, पण इतिहासाकडे पाहतानाही मला तो उपयोगी वाटतो. वारशात काय काय मिळालं हे मोजण्याआधी त्यावर कुणाचं देणं होतं, हे पाहायला हवं. ज्युनिअरला नुसतं नाव आणि चाहते मिळाले नाहीत. या खेळाची थकलेली कर्जंही त्याच्या वाट्याला आली.

पहिलं कर्ज शरीराचं. २०००-०१च्या अवघ्या नऊ महिन्यांत नॅसकारचे चार चालक मरण पावले, त्यातले शेवटचे अर्नहार्ट सीनिअर. मान आणि डोकं जागेवर धरून ठेवणारा पट्टा तेव्हा ऐच्छिक होता आणि त्यांनी तो वापरला नव्हता. ऑक्टोबर २००१मध्ये तो सक्तीचा झाला, पुढे ट्रॅकच्या भिंतीही धक्का शोषून घेणाऱ्या झाल्या. त्यानंतर नॅसकारच्या तिन्ही प्रमुख राष्ट्रीय मालिकांतल्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. बापाच्या मरणाने पुढच्या पिढीचे प्राण वाचवले.

मेंदूची दुखापत मात्र दिसत नाही, म्हणून ती लपवता येते. ज्युनिअरनेही लपवली. ऑगस्ट २०१२मध्ये कॅन्ससला चाचणीदरम्यान त्याच्या डोक्याला मार बसला, पण तो गप्प राहून शर्यती धावत राहिला. ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाला पुन्हा अपघात झाला, तेव्हा तो स्वतः डॉक्टरांकडे गेला. विजेतेपदाच्या निर्णायक टप्प्यातल्या दोन शर्यती त्याने सोडल्या. ‘मर्द असशील तर गाडीत बस’ असं शिकवणाऱ्या खेळात हे नवलच होतं. २०१४पासून नॅसकारने सर्व चालकांची मेंदूची प्राथमिक तपासणी बंधनकारक केली. २०१६मध्ये ज्युनिअरने मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी पुन्हा लक्षणं दिसू लागली आणि उरलेल्या १८ शर्यती त्याला बसून काढाव्या लागल्या. पुढे त्याने या आजारावर पुस्तकही लिहिलं. हे कर्ज त्याने बऱ्याच अंशी फेडलं, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं कर्ज रंगाचं आणि ते जास्त जुनं आहे. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावचे वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक. स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करून ते शर्यतीत उतरायचे. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलची शर्यत त्यांनी जिंकली. पण विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं ते बक बेकर या गोऱ्या चालकाचं. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाल्याचं मान्य करण्यात आलं. मूळ चषक स्कॉटना कधीच मिळाला नाही. १९९० साली ते गेले. त्यांच्या कुटुंबाच्या हाती चषक पडला तो ऑगस्ट २०२१मध्ये, ५७ वर्षांनंतर.

या ट्रॅकवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा कित्येक दशकं फडकत राहिला. खुद्द बिल फ्रान्स यांनी १९७२मध्ये वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराला साथ दिली होती. जून २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वंशवाद्याने नऊ कृष्णवर्णीयांना ठार केलं. तेव्हा, हा झेंडा एका संपूर्ण समाजाचा अपमान आहे आणि त्याची जागा इतिहासाच्या पुस्तकात आहे, अशी भूमिका ज्युनिअरने घेतली. ज्या चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, त्यांच्यातल्याच अनेकांच्या तंबूंवर तो झेंडा होता.

जानेवारी २०१७मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी सात मुस्लीमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. त्याच दिवसांत स्थलांतरितांवरून ट्विटरवर वाद चालू असताना ज्युनिअरने आठवण करून दिली की, आपलं घराणंही १८व्या शतकात धार्मिक छळामुळे जर्मनीतून आलं होतं आणि अमेरिका स्थलांतरितांनीच घडवली आहे. सप्टेंबरमध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघे टेकणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर ट्रम्प बरसले. नॅसकारमधले रिचर्ड पेटी आणि रिचर्ड चिल्ड्रेस हे संघमालक म्हणाले, आमच्याकडे असं केलं तर नोकरी जाईल. ज्युनिअरने दुसऱ्याच दिवशी शांततापूर्ण निषेधाच्या हक्काची बाजू घेतली.

इथे त्याच्या कौतुकात वाहून जायचं कारण नाही. २०१५च्या त्याच्या बोलण्याने झेंडे उतरले नाहीत. नॅसकारने तेव्हा चाहत्यांना फक्त विनंती केली. बंदी आली १० जून २०२० रोजी, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर. तिची जाहीर मागणी करणारा होता बबा वॉलेस, सर्वोच्च मालिकेतला तेव्हाचा एकमेव कृष्णवर्णीय पूर्णवेळ चालक. त्या मालिकेत त्याच्या खात्यावर एकही विजय नव्हता आणि पाठीशी मोठं घराणंही नव्हतं. ज्याच्याकडे गमावायला सर्वांत कमी होतं, त्याने नव्हे. ज्याला सर्वांत सहज चिरडता आलं असतं, त्याने ही जोखीम पत्करली. ऑक्टोबर २०२१मध्ये हाच वॉलेस टॅलाडेगाला जिंकला. स्कॉटनंतर या मालिकेत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय. हे कर्ज फेडायला सुरुवात झाली ती त्याच्यामुळे.

मग ज्युनिअरच्या वाट्याला काय उरतं? त्याने बंदी आणली नाही, पण दक्षिणेतल्या गोऱ्या चाहत्याला त्याच्याच लाडक्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं की, आपला अभिमान दुसऱ्याच्या अपमानावर उभा असू नये. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या कुणालाही या वाक्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या बाजूने आपण बोलतोच. बहुसंख्याकांचा आवडता माणूस त्यांच्याच पंगतीत बसून बोलतो, तेव्हा त्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते. आपल्याकडचे किती लाडके खेळाडू अशा वेळी तोंड उघडतात, हे वाचकांनीच आठवून पाहावं.

लोकप्रियता ही अमानत आहे. ज्युनिअरला ती बापाकडून मिळाली, त्यात त्याचं कर्तृत्व थोडं. ती त्याने पेटीत बंद करून ठेवली नाही, देणेकऱ्यांसाठी थोडी का होईना खर्च केली. विजेतेपदाचा रकाना रिकामा असलेल्या या चालकाचा हिस्सा मी तेवढाच धरतो आणि तो लहान नाही.