दंतरोपणातील अस्थिवेधन

गमावलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात चढविण्याच्या शस्त्रक्रियेत, त्या स्क्रूसाठी हाडात क्रमाक्रमाने छिद्र पाडण्याची जी क्रिया, तिला अस्थिवेधन म्हणतात. व्यवहारात डॉक्टर व रुग्ण उभयतांच्या तोंडी ‘ड्रिलिंग’ हाच शब्द असतो. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1952 च्या सुमारास सशांच्या हाडांत निरीक्षणासाठी बसविलेल्या टायटॅनियमच्या कुप्या काढू जाता निघेनात, तेव्हा हाड या धातूशी एकजीव होते हे त्यांच्या ध्यानी आले, आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले.

ठाण्याच्या कापूरबावडीपासून येऊरच्या डोंगराच्या कडेकडेने गायमुखाकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडवर, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली येथील उंच इमारतींच्या तळमजल्यावरील गाळ्यांतून ही शस्त्रक्रिया आता नित्याची झाली आहे. गिरगावातील वा डोंबिवलीतील जुने बिऱ्हाड मोडून मुलाकडे राहावयास आलेला सेवानिवृत्त गृहस्थ, रस्त्यावरील वाहनांच्या खोळंब्यामुळे ठरल्या वेळेनंतर कधीतरी दवाखान्यात पोचला, की त्याचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा, ‘स्क्रू कुठल्या कंपनीचा?’ प्रस्तुत नोंदकाराच्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न ड्रिल किती जुने आहे हा होय. तो सहसा कोणी विचारीत नाही.

कारण जबड्याचे हाड सजीव आहे आणि उष्णतेने ते मरते. हाडास 56 अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सोसते अशी पूर्वी समजूत होती; परंतु एरिक्सन व आल्ब्रेक्टसन यांनी सशांवर केलेल्या व 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ती मर्यादा 47 अंश व 1 मिनिट इतकी खाली आणली. सुताराचे बोथट गिरमिट लाकडात फिरताना भुसा करपवते, तद्वतच झिजलेले ड्रिल घट्ट हाडात फिरले की कापण्याऐवजी घासते. फरक एवढाच, की लाकडाचे करपणे तेथल्या तेथे दिसते, तर हाडाचे करपणे काही आठवड्यांनी स्क्रू हलू लागल्यावर कळते. निर्जंतुकीकरणाच्या फेऱ्यांनीही धार जाते, म्हणून एक ड्रिल किती वेळा वापरावे याची मर्यादा उत्पादक ठरवून देतात.

प्रचलित पद्धतीत प्रथम सुमारे 2 मिलिमीटर व्यासाचे ड्रिल ठरल्या खोलीपर्यंत नेतात व नंतर जाडी वाढवीत जातात. वेग बहुधा मिनिटाला 800 ते 1500 फेऱ्यांचा असून सलाईनची धार अखंड चालू ठेवतात. हात सलग न दाबता वरखाली करीत राहावा लागतो, म्हणजे हाडाचा चुरा बाहेर पडतो व पाणी टोकापर्यंत उतरते. अनुभवी शल्यक ड्रिल बाहेर काढताच त्याच्या खाचांत अडकलेला चुरा पाहतो: तो रक्ताने ओला व गुलाबी-पांढरा असला तर ठीक, तपकिरी व कोरडा असला तर काम तेथेच थांबवावे. संगणकावर आखून तयार केलेल्या मार्गदर्शक साच्यातून वेधन केल्यास दिशा अचूक राहते खरी, परंतु तोच साचा पाण्याची वाट अडवू शकतो, ही गोष्ट त्या साच्याच्या जाहिरातीत नसते. याउलट, मिनिटाला 50 च्या आसपास फेऱ्या ठेवून पाण्याविना वेधन करण्याचीही पद्धत आहे. तीत निघालेला हाडाचा चुरा वाया न जाता भरणासाठी उपयोगी पडतो.

हाडाच्या घट्टपणाचे चार प्रकार लेखोल्म व झार्ब यांनी 1985 मध्ये मांडले. खालच्या जबड्याच्या पुढील भागातील हाड सामान्यतः घट्ट, तर वरच्या जबड्याच्या मागील भागातील सच्छिद्र असते. घट्ट हाडात छिद्र पुरेसे रुंद न करता स्क्रू जोराने आवळल्यास दाबानेही हाड मरते. सच्छिद्र हाडात छिद्र मुद्दाम अरुंद ठेवतात, किंवा समर्स यांनी 1994 मध्ये प्रचारात आणलेल्या शलाकांनी, अथवा उलट दिशेने फिरवावयाच्या विशेष ड्रिलांनी, हाड न काढता बाजूस दाबून घट्ट करतात. खालच्या जबड्यात मज्जातंतूच्या नलिकेपासून किमान 2 मिलिमीटर अंतर राखणे इष्ट मानतात. ड्रिलचे निमुळते टोक त्यावरील खुणेच्या हिशेबात धरलेले नसेल, तर हे अंतर नकळत घटते.

रुग्णाच्या प्रकृतीचा भाग वेगळा. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान, मिश्री व तंबाखू यांनी हाड व हिरडी भरून येण्यास बाधा येते. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असली, तरी त्या सवयीने ज्याचे तोंड पुरते उघडत नाही अशा रुग्णाच्या मागच्या दाढेपाशी ड्रिल उभे धरणेच दुष्कर होते. हाडे ठिसूळ होण्याच्या विकारावरील बिस्फॉस्फोनेट गोळ्या चालू असल्यास ते आधी सांगणे अगत्याचे, कारण त्यामुळे जबड्याचे हाड कुजण्याचा धोका संभवतो.

स्क्रूच्या वेष्टनावरील, कंपनीचे नाव व उत्पादनक्रमांक छापलेली चिकटपट्टी रुग्णाच्या केसपेपरवर लावण्याचा प्रघात आहे. घर बदलून रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास हा दाखला फार उपयोगी पडतो. ड्रिलच्या वापराची नोंद मात्र, ठेवलीच तर, दवाखान्याच्या स्वतःच्या वहीत राहते, आणि ती पाहण्यास मागितल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.