ग्लीसन श्रेणी : जीवोतक परीक्षा व शस्त्रक्रिया यांतील तफावत
अष्ठीला (प्रॉस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाची तीव्रता ठरविण्यासाठी ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून जी श्रेणी देतात, तीस ग्लीसन श्रेणी म्हणतात. सुईने काढलेल्या ऊतकावरून (जीवोतक परीक्षेवरून) ठरविलेली श्रेणी आणि शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण ग्रंथी तपासून ठरविलेली श्रेणी पुष्कळदा जुळत नाहीत. ही तफावत आधी ओळखता आल्यास उपचारांची निवड अधिक निर्धोक होते.

अमेरिकन विकृतिवैज्ञानिक डॉनल्ड ग्लीसन (१९२०–२००८) यांनी ही पद्धती १९६६ मध्ये मांडली. कोशिकांच्या बारकाव्यांपेक्षा ग्रंथिरचनेस महत्त्व देऊन त्यांनी १ ते ५ असे आकृतिबंध ठरविले. एकाच अर्बुदात दोन आकृतिबंध असल्यास मृत्यूचे प्रमाण त्या दोहोंच्या दरम्यान असल्याचे आढळले. त्यामुळे दोन प्रमुख आकृतिबंधांच्या अंकांची बेरीज घेण्याची प्रथा पडली.

कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्प्टन यंग (१८७०–१९४५) यांनी बॉल्टिमोर येथे १९०४ मध्ये केली होती. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने ग्रंथीच्या सहा ठिकाणांहून पद्धतशीर ऊतक घेण्याची रीत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ही संख्या १०–१२ झाली. तरीही असे ऊतक म्हणजे ग्रंथीचा अत्यल्प अंश होय. अर्बुद बहुधा अनेक केंद्रांत पसरलेले असल्याने त्याचा तीव्र भाग सुईतून निसटू शकतो. शिवाय सीमेवरील रचनांबाबत तज्ञांतही मतभेद होतात. क्वचित शस्त्रक्रियेनंतरची श्रेणी कमीही ठरते.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ७,६४३ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जीवोतक परीक्षेत ५ वा ६ गुणांक असलेल्यांपैकी ३६·३ टक्के रुग्णांची श्रेणी शस्त्रक्रियेनंतर वाढली. अधिक वय, रक्तातील अष्ठीला-विशिष्ट प्रतिजनाची अधिक पातळी, सुईतील ऊतकात कर्करोगाचे अधिक प्रमाण आणि ग्रंथीचे कमी वजन हे घटक या वाढीचे सूचक ठरले. सौम्य वाढीमुळे मोठ्या झालेल्या ग्रंथीतही प्रतिजन वाढते. मात्र लहान ग्रंथीत तेवढीच पातळी अर्बुदाकडे अधिक निर्देश करते. असे घटक एकत्र मांडून श्रेणीवाढीची शक्यता काढणारा आलेख (नोमोग्राम) २००६ मध्येच तयार झाला होता. तथापि असे अंदाज मूलतः रुग्णसमूहावरून बसविलेले असतात. एकट्या रुग्णाबाबत ते निश्चित उत्तर देत नाहीत.

गुणांक ६ असलेल्या रुग्णास पुष्कळदा शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेखीखाली ठेवतात. श्रेणी कमी आखली गेल्यास उपचारांस विलंब होतो. उलट अनावश्यक शस्त्रक्रियेने मूत्रनियंत्रण व लैंगिक क्षमता यांची हानी होऊ शकते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत संशयित दिसलेल्या भागातून ऊतक घेण्याची पद्धती यामुळे महत्त्वाची ठरली. ५०० पुरुषांवरील २०१८ च्या चाचणीत तिने ३८ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने २६ टक्के पुरुषांत उपचारयोग्य कर्करोग उघडकीस आला. तथापि संपूर्ण ग्रंथी तपासण्यासाठी ती काढावीच लागते. म्हणून देखरेखीखालील रुग्णांची जीवोतक परीक्षा ठराविक काळाने पुन्हा करतात.