बर्लिनची नीळ

जपानांतील लांकडी ठशांचीं चित्रें परकीय संसर्गापासून सर्वस्वी अलिप्त होतीं, असा समज संग्राहकांत अद्याप आढळतो. होकुसाईच्या फूजी पर्वताच्या ३६ दृश्यांची माला (सुमारें १८३०–३२, नांव ३६ चें, चित्रें मात्र ४६!) त्याविरुद्ध साक्ष देते. तींतील गडद निळा रंग मूळचा जपानी नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं तो बर्लिन येथें निघाला, आणि जपानांत त्यास 'बेरो-आइ', म्हणजे बर्लिनची नीळ, असेंच म्हणत. नागासाकी बंदरांत डच व चिनी व्यापारी तो आणीत. स्वस्त होतांच १८३० च्या सुमारास एदो येथील प्रकाशकांनीं तो उचलला. पूर्वीचा फुलांपासून काढलेला निळा उजेडानें उडून जाई, हा टिकतो.

पुढें हिरोशिगे ह्याचें पुलावरील पावसाचें चित्र (१८५७) व्हॅन गॉगनें १८८७ त पॅरिस येथें तैलरंगांत उतरलें. म्हणजे युरोपास जपानी म्हणून जें मोहक वाटलें, त्यांत युरोपचाही अंश होता.

तेव्हां अठराव्या शतकांतील म्हणून दाखविलेल्या ठशाच्या चित्रांत हा निळा विपुल दिसल्यास तें मागाहून छापलेलें समजावें, असें आमचें मत आहे.