हरकत घेण्याचा हक्क

वर्तमानपत्रात आतल्या पानावर महापालिकेची एखादी नोटीस येते. बारीक टाइप, लांबच लांब वाक्ये, कलमांचे आकडे, आणि शेवटी एक ठरलेले वाक्य : 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' आपण काय करतो? पान उलटतो. आपल्याला कुठे कोर्टकचेरी करायची आहे, असे मनाशी म्हणतो आणि क्रिकेटचा निकाल पाहतो. आज मी तुम्हांला या एका वाक्याचा इतिहास सांगणार आहे. मुंबई शहरात हे वाक्य सहजासहजी आलेले नाही. त्यामागे साथीचे रोग आहेत, पाडलेली घरे आहेत, आणि 'आम्हांला विचारले का?' असा एक जुना सवालही आहे.

आधी नियम कशाचे, ते पाहू. जमीन माझी असली तरी तिच्यावर मी वाटेल ते बांधू शकत नाही. शहराचा एक विकास आराखडा असतो. त्यात हा भाग राहण्याचा, हा व्यापाराचा, हा कारखान्यांचा, इथे बांधकाम करायचे नाही, अशी वाटणी रंगांनी दाखवलेली असते. शाळा, मैदान, दवाखाना, रस्ता यांसाठी जागा राखून ठेवतात. त्याला आरक्षण म्हणतात. किती बांधायचे तेही ठरलेले असते. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर सगळे मजले मिळून हजार चौरस फूट बांधता आले, तर चटईक्षेत्र निर्देशांक एक झाला. दोन हजार बांधता आले तर दोन. हा आकडा दिसायला लहान, पण गल्लीत ऊन किती येईल, नळाला पाणी किती येईल आणि जागेला भाव काय येईल, हे पुष्कळसे त्याच्यावर अवलंबून असते. तेव्हा हा आकडा कोण ठरवतो आणि कोणाला विचारून, हा प्रश्न कागदी नाही.

आता मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या दाट वस्तीत त्याने पाय रोवले आणि हजारो माणसे शहर सोडून पळाली. सरकारने निदान केले की रोगाचे मूळ कोंदट चाळींत आणि अरुंद गल्ल्यांत आहे. त्यासाठी १८९८ साली 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. या ट्रस्टने मोठी कामे केली, हे नाकारता येत नाही. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यानेच काढले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्याच्याच योजनेतून उभ्या राहिल्या. पण रस्ता काढायचा म्हणजे मधली घरे पाडायची. घरमालकाला नुकसानभरपाई मिळे. त्याच्या खोलीत भाडे भरून राहणाऱ्या हमालाला काय? तो बिऱ्हाड उचलून शेजारच्या चाळीत शिरे, आणि तिथली गर्दी आणखी वाढे. रोगी खोली पाडली, पण रोग पुढच्या खोलीत गेला.

या पद्धतीवर ज्यांनी बोट ठेवले, त्यांत पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश पंडिताचे नाव घ्यावे लागेल. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, गावोगाव हिंडले, आणि पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शस्त्रक्रिया करण्यापूर्वी वैद्याने नाडी पाहावी. नगर आखणाऱ्याने आधी पायी हिंडावे, विहीर कुठे आहे, पार कुठे आहे, बायका कुठल्या वाटेने जातात, हे पाहावे. मग कमीत कमी कापावे. आज हे कुणालाही पटेल. त्या वेळच्या इंजिनियरांना ते फारसे रुचले नाही.

त्याच सुमारास, १९१५ साली, मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. देशातला तो या विषयावरचा पहिला कायदा. शेतजमिनी एकत्र करायच्या, रस्ते नि मोकळ्या जागा आखायच्या आणि उरलेले नीटस भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे, अशी त्याची रीत. सांताक्रूझ-पार्ल्याकडे पत्त्यात अजून 'टी. पी. एस.' अशी अक्षरे दिसतात, ती याच रीतीची खूण. या कायद्यात लवाद नेमला जाई आणि तो मालकांचे म्हणणे ऐकून घेई. म्हणजे विचारण्याची प्रथा सुरू झाली. पण विचारायचे कोणाला? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचे तोंड बंदच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली नवा कायदा झाला आणि प्रत्येक नगरपालिकेने साऱ्या हद्दीचा विकास आराखडा करावा असे बंधन आले. बृहन्मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ महाराष्ट्राने १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम केला. तो आजही चालू आहे. यातले एक कलम माझ्या मते फार मोलाचे आहे. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर 'कोणतीही व्यक्ती' लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते, असे हा कायदा म्हणतो. मालक असा की भाडेकरू, बंगल्यातला असा की झोपडीतला! लवादापुढे फक्त मालकाला जे स्थान होते, ते पन्नास वर्षांनी प्रत्येकाला मिळाले.

पुढची पायरी अशी. आलेल्या हरकती नियोजन समितीकडे जातात. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि काही जाणकार माणसे असतात. ही समिती हरकत घेणाऱ्याला बोलावून ऐकते, अहवाल देते, मग पालिकेची सभा आणि अखेरीस राज्य सरकार. मंजुरीचा शिक्का सरकारचा. ऐकून घेण्याचे बंधन आहे, मान्य करण्याचे नाही. हा फरक विसरू नये.

आता या हक्काचे मोल कळावे म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली गिरणगावची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या. शहराच्या मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन अडकून पडली. १९९१ च्या नियमावलीत यावर तोड निघाली. गिरणी विकायला काढली तर जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे : एक महापालिकेला मैदाने नि बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, आणि एक मालकाला. २००१ साली त्या नियमात फेरफार झाला. शब्द थोडेच बदलले. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच करायची, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? बहुतेक जागा शेडांनी व्यापलेली. म्हणजे मैदानांचा आणि घरांचा वाटा एकदम आटला. हे लोकांच्या नीट ध्यानात येऊन प्रकरण न्यायालयात गेले ते २००५ साली, चार वर्षांनी. उच्च न्यायालयाने त्या वर्षी फेरफाराविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि फेरफार कायम राहिला. लोअर परळचे आजचे मनोरे पाहिले की मला ते थोडेसे शब्द आठवतात.

दुसरी गोष्ट २०१५ ची. १९९१ चा आराखडा जुना झाला होता आणि २०३४ पर्यंतचा नवा करायचा होता. आधी महापालिकेने २०१२ मध्ये 'सध्या कुठे काय आहे' याचे नकाशे प्रसिद्ध केले. नागरिकांच्या संस्थांनी ते हातात घेऊन वॉर्डावॉर्डांत पडताळा केला आणि चुकांचा ढीग पुढे ठेवला. काही चुका सुधारल्या गेल्या. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा आला तेव्हा पुन्हा तेच! उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, प्रार्थनास्थळे नोंदवायची राहिलेली, गावठाणे नि कोळीवाडे नीट दाखवलेले नाहीत. आरे कॉलनीत बांधकामाला वाट करून दिलेली, आणि काही स्थानकांभोवती चटईक्षेत्र निर्देशांक आठपर्यंत.

त्या दिवसांत माझ्या वर्गातला एक कोळी विद्यार्थी नकाशाची छापील प्रत घेऊन आला. 'सर, आमचं घर दाखवा,' म्हणाला. आम्ही दोघांनी बोटाने वाट काढत त्याचा वाडा शोधला. घरे होती, पण त्याची आजी जिथे बोंबील वाळत घालते ती जागा नुसती कोरी होती. मी म्हटले, 'मोकळी जागा असेल, म्हणून कोरी.' तो हसला आणि म्हणाला, 'सर, ती मोकळी नाही हो. ती आमची गिरणी आहे.' इतिहास शिकवणाऱ्या मला त्या पोराने एका वाक्यात नगररचना शिकवली. नकाशावर जे कोरे, ते उद्या कुणाच्या तरी हिशेबी रिकामे. त्याने आणि त्याच्या वाड्यातल्या माणसांनी मग हरकतीचा अर्ज लिहिला. मराठीत, साध्या कागदावर.

असे अर्ज किती आले? साठ हजारांच्या वर! एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा नव्याने तपासून दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारलेला मसुदा मे २०१६ मध्ये आला, पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या; २०१७ मध्ये पालिकेची सभा, आणि सरकारी मंजुरीनंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवा आराखडा लागू झाला. आठचा आकडा गेला. पण लोकांना हवे ते सगळे मिळाले असे मात्र नाही. रस्त्याच्या रुंदीनुसार निर्देशांक पूर्वीपेक्षा वाढलाच, आणि कोळीवाड्यांच्या सीमा आखण्याचा प्रश्न पुढेही रेंगाळला.

कोणी म्हणेल, अशा हरकतींनी कामे रखडतात. पाच-सहा वर्षे गेली, हे खरे. शहराला घरे हवीत, आणि घरे हवीत तर कुठेतरी उंच बांधावे लागेल, हेही खरे. शिवाय हरकत घ्यायला वेळ लागतो, नकाशा वाचायला यावा लागतो. ज्याला दोन पाळ्यांत काम करावे लागते तो सुनावणीला कसा जाणार? तेव्हा हा हक्क सगळ्यांना सारखा पोहोचतो असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. २००१ साली थोडेसे शब्द बदलले आणि शहराला कळेपर्यंत चार वर्षे गेली. २०१५ साली लोकांनी वेळेवर नकाशा वाचला आणि मसुदा मागे फिरला. कायदा दोन्ही वेळा एकच होता. फरक वाचण्याचा होता.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या खेपेला ती बारीक टाइपातली नोटीस दिसली, की पान उलटू नका. कचेरीत जा, नकाशा मागा, आपली गल्ली शोधा. आणि आपल्या घराबरोबर शेजारचे मैदान, पाणवठा, कुणाच्या तरी आजीची वाळवणाची जागा नकाशावर आहे की नाही, तेही पाहा. नसेल तर एक अर्ज लिहा. तो मान्य होईलच असे नाही. पण 'आम्हांला विचारले का?' या जुन्या सवालाला 'होय, विचारले होते, तुम्हीच बोलला नाहीत' असे उत्तर मिळण्याची पाळी तरी येऊ नये.