नौदलाची पात्रता : कालची आणि आजची

१९७४ च्या आपल्या अकरावीच्या वर्गातला तो प्रसंग स्नेहमेळाव्यात हमखास निघतो. लालबागच्या चाळीतला आपला एक मित्र नौदलात जायचे म्हणून रोज पहाटे धावायचा. उंची, छाती, गणित, सगळे जमले. वैद्यकीय तपासणीत मात्र रंगीत ठिपक्यांमधला आकडा त्याला वाचता आला नाही आणि तो परत आला. आपण त्याची बरीच चेष्टा केली. त्याचे वडील गिरणीत कामाला होते. ते एवढेच म्हणाले, ‘अरे, तिथे कोण चालतो आणि कोण नाही, हे काळ बघून ठरते. आम्ही बघितलेय.’ त्यांनी काय बघितले होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

इंग्रजांच्या काळात या दलाला रॉयल इंडियन मरीन म्हणत. खलाशी घेतले जात ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यातही कोकणी मुसलमान अधिक. पिढ्यान् पिढ्यांची समुद्राची सवय हीच त्यांची पात्रता. अधिकारी मात्र गोरेच. डी. एन. मुखर्जी हे १९२८ मध्ये अभियंता शाखेत पहिले भारतीय अधिकारी झाले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले होते. ते व्यापारी जहाजांसाठी होते, पण रामदास कटारी आणि भास्कर सोमण तिथेच घडले. १९५८ मध्ये कटारी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले आणि १९६२ मध्ये त्यांच्या जागी सोमण आले.

१९३४ मध्ये दलाचे नाव रॉयल इंडियन नेव्ही झाले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा दलात दोन हजारांच्या आसपास माणसे होती. युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस हजारांच्या वर गेली. जुनी भरती पुरेना. बिनतारी संदेश आणि नव्या यंत्रांसाठी लिहिता-वाचता येणारी, इंग्रजी कळणारी पोरे हवी होती. देशभरातले मॅट्रिक झालेले तरुण त्यामुळे खलाशी झाले. सरकारने त्यांचे शिक्षण मागितले, पण पगार, अन्न आणि वागणूक गोऱ्यांच्या बरोबरीची दिली नाही. शिकलेला माणूस हा फरक मुकाट्याने सोसत नाही.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेश प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी संप केला. निमित्त निकृष्ट जेवणाचे होते. पण मागण्यांत राजकीय कैद्यांची आणि आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची सुटकाही होती. मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली. एम. एस. खान तिचे अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष झाले. संप कराचीपासून इतर बंदरांपर्यंत पसरला. २२ तारखेला मुंबईत हरताळ झाला आणि परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या. लष्कराने गोळीबार केला. परळमध्ये कमल दोंदे त्यात मारल्या गेल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक लोकांचा बळी गेला. काँग्रेस आणि मुस्लिम लीगच्या नेत्यांनी शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि २३ तारखेला खलाशांनी संप मागे घेतला. आपल्या मित्राचे वडील तेव्हा तरुण होते. त्या रस्त्यांवर तेही होते.

पुढे शेकडो खलाशांना नोकरीतून काढले. देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांना परत घेतले नाही. परीक्षा पास, शरीर धडधाकट, तरी ‘अपात्र’. शिस्त मोडलेल्यांना परत घेतले तर नव्या नौदलाची घडी कशी बसणार, ही बाजूही समजण्यासारखी आहे. पण त्या पोरांनी ज्याच्यासाठी शिस्त मोडली ते स्वातंत्र्य तर मिळालेच होते, हेही विसरता येत नाही. बऱ्याच उशिरा त्यांना स्वातंत्र्यसैनिक मानले गेले. कुलाब्यात स्मारक झाले आणि नौदलाच्या दोन टगबोटींना बी. सी. दत्त आणि मदन सिंग यांची नावे मिळाली. ज्यांना दारातून बाहेर काढले, त्यांचीच नावे आज बंदरात बोटींवर आहेत.

नियम पुढेही बदलत राहिले. अग्निवीर भरती २०२२ मध्ये सुरू झाली. वय साडेसतरा ते एकवीस, लग्न झालेले नसावे, आणि एका प्रकाराला गणित व पदार्थविज्ञानासह बारावी लागते. खलाशी म्हणून मुलींना पहिल्यांदा याच भरतीत प्रवेश मिळाला. एनडीएचे दारही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना उघडले. रंगांची परीक्षा मात्र अजून आहे.

आपल्या मित्राची नात यंदा भरतीची तयारी करते आहे. पहाटे पाच वाजता ती धावायला जाते आणि आजोबा घड्याळ घेऊन वेळ मोजत असतात. परवा फोनवर म्हणाला, ‘तिला ठिपके नीट दिसतात. मी आधीच तपासून घेतलेय.’ आणि आम्ही दोघेही हसलो. या वेळी त्याची चेष्टा म्हणून नव्हे.