पिन तीच, नंबर निराळा

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांच्या शेड उभ्या राहत गेल्या. त्यांच्या टेस्टिंगच्या पीसींवर हात बसवत मी या धंद्यात शिरलो. तेव्हा इंटरप्टचा नंबर चिमट्याने बदलायचा! कार्डावर पिनांच्या जोड्या असत. जंपरची टोपी एकीवरून उपटून शेजारणीवर बसवली, की ४ चा ५ झाला. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत ८२५९ ही एकच चिप, म्हणजे इंटरप्टच्या आठ लाइनी. १९८४ च्या एटीत दोन चिपा आल्या. सोळांतली एक त्यांना एकमेकींशी जोडण्यात गेली, उरल्या पंधरा. त्यातही कॉम-१ आणि कॉम-३ या दोन्ही सीरियल पोर्टांना ४ च. एकावर माउस, दुसऱ्यावर मोडेम लावलं, की डायल करताच माउस जागच्या जागी थिजे. गिऱ्हाईक व्हायरसच्या नावाने खडे फोडी.

पण पिन म्हणजेच नंबर, हा हिशोब सरळ होता. एआरएम चिपांनी तो मोडला. बीगलबोन बोर्डावरच्या चिपेत ३२-३२ पिनांचे चार गट, आणि अख्ख्या गटामागे इंटरप्ट कंट्रोलरकडे जाणाऱ्या लाइनी दोनच. कोणती पिन हलली, हे गटाच्या रजिस्टरमध्ये डोकावून पाहायचं. पी-९ हेडरवरची १२ वी पिन घ्या. तिथे ऑप्टोकपलरमधून प्रॉक्सिमिटी सेन्सर जोडला. ही पिन गट १ मधली २८ वी. मोजणी शून्यापासून, म्हणून आधी गट ० च्या ३२ अधिक २८, म्हणजे ६०. हा झाला जीपीआयओचा नंबर. इंटरप्टचा वेगळा, तो लिनक्स कर्नलमधल्या जीपीआयओ_टू_आयआरक्यू ला विचारायचा. पोरं ६० च रिक्वेस्ट_आयआरक्यू ला देतात आणि दुपारभर सेन्सरलाच दोष देत बसतात.

आधी पिन आणि इंटरप्टची ही सगळी जुळणी प्रत्येक बोर्डाच्या सी फाइलीत हाताने लिहिलेली असे. फाइलींचं रान माजलं, तेव्हा २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने एआरएमवाल्यांना जाहीर झापलं, बरंच केलं. त्यानंतर एआरएमवर डिव्हाइस ट्री रुजली, म्हणजे हीच जुळणी कोडबाहेर वेगळ्या फाइलीत आली.

तरी नंबरांचा भरवसा नाहीच. रास्पबेरी पायवर ६.६ कर्नल आलं आणि सिसएफएसमध्ये १७ नंबरची पिन ५२९ झाली, कारण मोजणीच ५१२ पासून सुरू झाली. त्यावर बेतलेल्या स्क्रिप्टा बंद पडल्या. तेव्हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनो, कोडमध्ये नंबर कोरू नका. पिनचं नाव डिव्हाइस ट्रीत द्या आणि इंटरप्ट कर्नलकडून मागून घ्या.