मेघांचे मनोरे

भिवंडीकरांना पाऊस नवा नाहीं. कामवारी नदीला पूर यावा, सखल वस्तींत पाणी शिरावें, यंत्रमागांची खडखड थांबावी, हें त्यांच्या परिचयाचें आहे. परंतु २६ जुलै २००५ रोजीं जें घडलें, तें परिचयाच्या मापांत बसणारें नव्हतें. भिवंडी व कल्याण जलमय झालीं. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईंतील कुलाब्यास मात्र अवघा ७३! एकाच आकाशाखालीं हा पंक्तिप्रपंच कां व्हावा?

या प्रश्नाचें उत्तर शास्त्रास टप्प्याटप्प्यानें सांपडलें. लंडनच्या ल्यूक हॉवर्डनें १८०२ मध्यें ढगांचें वर्गीकरण मांडलें. तथापि नांवांनीं रूप कळतें, बळ कळत नाहीं. तें १८४१ मध्यें अमेरिकेच्या जेम्स एस्पीनें उलगडून दाखविलें. एक ग्रॅम वाफेचें पाणी होतांना सुमारें ६०० कॅलरी उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेनें मेघांतील हवा भोंवतालच्या हवेपेक्षां हलकी राहते व आणखी वर चढते. मेघ जणूं आपली चूल आपणच पेटवितो. सर्पण तेवढें समुद्रावरील दमट वारा पुरवितो. पुढें १९५८ मध्यें हर्बर्ट रील व जोआन मालकस यांनीं दाखविलें कीं, विषुववृत्ताजवळील उष्णता उंच नेण्याचें काम सगळे ढग मिळून करीत नाहींत; मोजके उत्तुंग मेघच तें करितात. त्यांस त्यांनीं ‘उष्ण मनोरे’ म्हटलें.

येथेंच पंक्तिप्रपंचाचें मर्म आहे. हे मनोरे १५ किलोमीटर वा अधिक उंच जातात. रुंदी मात्र चार-दोन कोसांचीच. प्रत्येकाचें आयुष्यही तास-दोन तासांचें. पडत्या पावसाबरोबर उतरणारी थंड हवा त्याचें मूळच तोडते. पण तीच हवा जमिनीवर पसरतांना शेजारची दमट हवा वर उचलते, आणि नवा मनोरा उभा राहतो. ही परंपरा एकाच जागीं कित्येक तास चालली कीं प्रलय ओढवतो.

म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेच्या मापावरून भिवंडीचा पाऊस ओळखतां येत नाहीं. २००५ सालीं मुंबईस डॉप्लर रडारही नव्हतें. तें नंतर आलें. परंतु रडार मनोरा दाखवील, पाण्याला वाट करून देणार नाहीं. गांवोगांवीं पर्जन्यमापक ठेवणें आणि नदीनाल्यांचीं पात्रें मोकळीं राखणें, हें आमचेंच काम. मेघ आपला धर्म पाळतो. आपण आपला पाळतों काय, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.